केशराची डबी

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरबाई लेकीकडे जेवायला बसल्या होत्या. नाताळची सुट्टी. पहिला घास नुकताच तोंडात गेला होता.

"बाई, स्फोट झालाय," पलीकडून त्यांचा सहकारी म्हणाला. "एक माणूस जागच्या जागी गेला. ते टीव्हीवरचे शेफ. सोन्याचं नाक म्हणतात ना, ते."

बाई उठल्या. लेकीनं ताट झाकून ठेवलं. तिला सवय होती.

शेफचं घर एका शांत गल्लीच्या टोकाला होतं. पुढे बंगला, मागे अंगण आणि अंगणाच्या पार कडेला विटांची एक सुटी खोली. ती शेफची खासगी स्वयंपाकखोली. आता तिला छप्पर नव्हतं. दार उडून गवतात पडलं होतं आणि बंब अजून एका कोपऱ्यावर पाणी मारत होता.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यानं बाईंना बाजूला घेतलं. खोलीत गॅस साठला होता, तो सांगू लागला. बाहेर थंडी, त्यामुळे खिडक्या बंद. शेफ आत गेले, मागे दार लोटलं आणि शेगडी पेटवायला काडी ओढली. बस्स, एवढंच.

"अपघात?" बाईंनी विचारलं.

अधिकाऱ्यानं नकारार्थी मान हलवली. सिलिंडरच्या तोंडाशी रबरी नळी बसवतात, ती एका पत्र्याच्या पट्टीनं आवळलेली असते. ती पट्टी त्याला ढिगाऱ्यात सापडली होती. तुटलेली नव्हती, वितळलेली नव्हती. तिचा स्क्रू कोणीतरी सोडवला होता. स्क्रूच्या खाचेत ताजे ओरखडे होते.

"बारीक स्क्रूड्रायव्हरचं काम," तो म्हणाला. "नेहमीचा जाडजूड त्या खाचेत जाणारच नाही."

फाटकाशी एक म्हातारी नर्स थांबली होती. शेजारची. तिला जे सांगायचं होतं ते ती आधीच तीन जणांना सांगून चुकली होती, पण बाईंना तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती मागच्या बोळातून चालली होती. गॅसचा असा भपकारा आला की तिनं पदर नाकाला लावला. आता बेल वाजवून सांगावं म्हणून ती पुढच्या बाजूला वळली, तेवढ्यात धमाका झाला.

बाई बोळात जाऊन उभ्या राहिल्या. बोळ आणि खोली यांच्यामध्ये एक अख्खी भिंत होती.

भिंतीपलीकडच्या बाईला वास येतो. आणि ज्याच्या नाकाची देशभर ख्याती, जो म्हणे झाकण न उघडता भांड्यातला मसाला ओळखतो, तो माणूस त्याच खोलीत शिरतो, दार लावतो आणि काडी ओढतो.

बाईंना पहिला प्रश्न मिळाला होता. गॅस कोणी सोडला हा त्याच्यानंतरचा.

*

जेवणघरात टेबल तसंच होतं. कापलेली भाजलेली कोंबडी, अर्धवट पाव, सॉसचं भांडं, कागदी टोप्या. कोपऱ्यात दिव्यांच्या माळा घातलेलं झाड आणि त्याखाली भेटवस्तूंचे फाडलेले कागद. दिवे कोणी बंद केले नव्हते. ते आपले लुकलुकत होते.

टेबलाभोवती चार माणसं होती. शेफची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत. दातांचे डॉक्टर. एक वकील. आणि ताई, ज्यांचं शहरात कपडे शिवायचं नावाजलेलं दुकान होतं. शेफचे पांढरे कोट त्यांच्याच हातचे.

हे सगळे तरुणपणी एकाच भाड्याच्या घरात राहिलेले. एक स्वयंपाकघर, एक शेगडी. कोणाजवळच घरी जायच्या भाड्याचे पैसे नव्हते, म्हणून एका नाताळला जे होतं ते एकत्र करून त्यांनी जेवण रांधलं होतं. तेव्हापासून नाताळचं जेवण चुकलं नव्हतं. वकिलांनी हे सांगितलं. बाकीच्यांना बोलायचं त्राण नव्हतं, वकिलांना गप्प बसायचं.

बाईंनी त्यांनाच आधी दिवाणखान्यात नेलं.

शेवटचं पुडिंग शेफ स्वतः आणायचे, वकील म्हणाले. वरचा गरम सॉस ते मागच्या खोलीत ऐनवेळी करायचे. तिथे दुसऱ्या कोणाला प्रवेश नसे. फक्त वहिनी बश्या घेऊन सोबत जात. हे सर्वांना ठाऊक होतं. जेवणाच्या मधे कोण उठलं? सगळेच. ते स्वतः पुढच्या पायऱ्यांवर सिगरेट ओढायला गेले. डॉक्टरांना कुठल्याशा पेशंटचा फोन आला, म्हणून ते बाहेरच्या व्हरांड्यात. ताई गाडीतून चष्मा आणायला. वहिनी तर सतत आत-बाहेर करत होत्या.

"तुम्हाला गॅसचा वास नाही आला?"

"बाई, मी दिवसाला दोन पाकिटं ओढतो. मला सिगरेटचासुद्धा येत नाही."

"शेफचं कोणाशी वैर?"

वकिलांनी एक जुनी गोष्ट काढली.

दहा-बारा वर्षांपूर्वी शेफच्या हॉटेलला आग लागली होती. भटारखान्यात गॅस गळला होता. आगीत डॉक्टरांची बायको गेली. त्या रात्री ती मैत्रिणींबरोबर तिथे जेवायला गेली होती. चौकशीत एका मदतनिसावर दोष आला. तो ताईंचा धाकटा भाऊ. ताईंनीच त्याला शेफकडे चिकटवला होता. पोरगा सांगत राहिला की मला वास आला होता, मी साहेबांना सांगितलं होतं, त्यांनीच हॉल भरलाय म्हणून शेगड्या चालू ठेवल्या. शेफ म्हणाले की मी आधी सबंध वेळ तिथेच उभा होतो, वासाचा लवलेशही नव्हता. शेवटच्या घटकेला याच्याच हातून गॅसची झडप उघडी राहिली.

"आणि त्याचं कोणी ऐकलं नाही?"

"एका बाजूला विशीतलं पोरगं, दुसऱ्या बाजूला ते नाक." वकिलांनी खाली पाहिलं. "शेफची बाजू मीच मांडली. मी चौकशी समितीसमोर पाच भांडी झाकून ठेवली आणि शेफना ओळखायला लावली. पाचही बरोबर. मग विषयच संपला."

"भांडी कोणी भरली होती?"

वकिलांनी आठवायचा प्रयत्न केला. वहिनींनी घरून आणली होती.

भावाचं काय झालं? तुरुंगात गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात छातीत कफ भरून तिथेच मेला. ताई? ताईंनी शेफचीच बाजू खरी मानली. डॉक्टरांचे पाय धरून त्यांनी भावाच्या वतीनं माफी मागितली. भावाला भेटायला त्या एकदाही गेल्या नाहीत.

"हे सगळं होऊनही तुम्ही दरवर्षी एका टेबलावर जेवता?"

"दुसरं कोण आहे आम्हाला?" वकील म्हणाले.

*

डॉक्टर शांत माणूस होते. विचारलं तेवढंच बोलत. त्यांची चामड्याची बॅग खुर्चीजवळ होती, ती त्यांनी सांगायच्या आधी उघडून दाखवली. आत बारीक अवजारं होती. आकडे, चिमटे, दोन नाजूक स्क्रूड्रायव्हर. इम्प्लांट बसवायला लागतात, ते म्हणाले. बाईंनी सहकाऱ्याकडे पाहिलं. सहकाऱ्यानं बॅग ताब्यात घेतली.

"डॉक्टर, शेफना वास येत होता का?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. "हे तुम्हाला कसं कळलं?"

"वास येणारा माणूस त्या खोलीत काडी ओढत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

गेल्या वर्षी शेफ दाढदुखीसाठी आले होते, डॉक्टर म्हणाले. तपासताना लवंगेच्या तेलाची बाटली सांडली. खोलीत थांबवेना, पण शेफचा चेहरा ढिम्म. मग त्यांनीच कबूल केलं. त्या आगीच्या धुरानं नाक कायमचं गेलं, म्हणाले. कोणाला सांगू नकोस म्हणून हात धरले. डॉक्टर घरी जाऊन रडले. त्या आगीनं आपली बायको नेली आणि मित्राचंही सर्वस्व नेलं, असं त्यांना वाटलं होतं.

"आगीनंतर गेलं, असं ते म्हणाले?"

"हो. धुरानं."

"आणि आधीच गेलेलं असेल तर?"

डॉक्टरांच्या हातातला रुमाल हळूहळू मुठीत गेला. "तर मग तो पोरगा खरं बोलत होता," ते म्हणाले, "आणि माझी बायको…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बाईंनी ते पाहिलं आणि मनात नोंदवलं. हा माणूस हे आत्ता पहिल्यांदा जुळवतोय, नाहीतर फार चांगलं नाटक करतोय.

सहकाऱ्याचं मत झालं होतं. बायको गेलेली, नाकाचं गुपित ठाऊक, बॅगेत अवजार, जेवणातून उठून बाहेर गेलेला. दाराबाहेर येताच तो हळूच म्हणाला, की आता आणखी काय पाहिजे?

बाई म्हणाल्या, "जेवणात काय काय झालं ते पाहिजे."

*

वहिनी हात एकमेकांत गुंफून बसल्या होत्या. अंगावर फिकट रेशमी साडी आणि मांडीवर द्राक्षाच्या दारूचा मोठा लालभडक डाग. डाग नुसता पडला नव्हता, चांगला हातभर पसरला होता. कडांना कापड चुरगळलं होतं.

शेफ उठले तशा त्याही उठणार होत्या, वहिनी म्हणाल्या. बश्या हातात घेतल्या होत्या. तेवढ्यात ताईंच्या हातून पेला कलंडला. ताईंनी त्यांना खाली बसवलं, मीठ घातलं, ओल्या फडक्यानं डाग घासू लागल्या. शेफ म्हणाले, बस तू, मी येतो घेऊन. आणि गेले.

"नाहीतर मीही…" त्या म्हणाल्या.

"ताईंच्या हातून नेहमी असं सांडतं का?"

वहिनींना प्रश्न विचित्र वाटला. नाही, त्या म्हणाल्या. ताईंचा हात म्हणजे दगडाचा. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतात.

"शेफचं नाक कधी गेलं?"

वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांना नाकाबद्दल काहीच माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या. उत्तर फार पटकन आलं.

बाईंनी आग्रह धरला नाही. त्या टेबलाकडे वळल्या. भेटवस्तू एका बाजूला रचून ठेवल्या होत्या. या मंडळींची पद्धत अशी, की नाताळच्या आधी प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी भेट आणायची, पण आपण आणली हे सांगायचं नाही. पाच माणसं, पाच भेटी. वहिनींना कानातले मिळाले होते, डॉक्टरांना हातानं विणलेला स्वेटर, ताईंना छत्री, वकिलांना दात पांढरे करायची पावडर.

"आणि हे शेफचं?"

पितळेची एक छोटी नक्षीदार डबी. आत केशर. वहिनींनी सांगितलं की शेफनी सूप यायच्या आधी ती उघडली, डोळे मिटून हुंगली आणि नेहमीसारखं भाषण केलं. या मोसमातली पहिली वेचणी. मधाचा वास आहे, मागून हलका गवताचा. असं केशर वर्षानुवर्षांत हाती आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी झाकण घट्ट लावलं, वास उडून जाईल म्हणून, आणि डबी आपल्या ताटाशेजारी ठेवली.

बाईंनी डबी उघडून नाकाशी धरली. मग सहकाऱ्याच्या नाकाशी धरली. त्यालाही कसला वास आला नाही.

"शिळं असेल," दारातून वकील म्हणाले.

बाईंनी स्वयंपाकघरातून एक पांढरा कप आणि गरम पाणी मागवलं. त्यात चिमूटभर केशर टाकलं आणि कप टेबलावर ठेवून दिला.

*

ताईंशी बोलणं सगळ्यांत थोडं झालं. वयानं त्याच मोठ्या. पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले. भावाबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यानं चूक केली, शिक्षा भोगली. चष्म्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, गाडीत राहिला होता. त्यांनी पर्स उघडून दाखवली. चष्मा, टेप, सुयांची डबी, शिलाई मशीनचा बोटभर लांब स्क्रूड्रायव्हर. तो कायम जवळ असतो, त्या म्हणाल्या. मशीन कुठे अडेल सांगता येत नाही.

"तुम्ही चिठ्ठी कोणाची उचलली होती?"

"वकिलाची."

बाई बाहेर आल्या आणि डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, त्यांना शेफ आले होते. मग ताईंचा फोन आला. मी शेफसाठी आधीच काहीतरी घेऊन ठेवलंय, तर तुझी चिठ्ठी मला दे, माझी तू घे. त्यांनी दिली.

"म्हणजे दातांची पावडर तुमची."

"दुसरं काय देणार मी," डॉक्टर म्हणाले.

*

संध्याकाळ उतरू लागली होती. बाईंनी चौघांनाही जेवणघरात बसवलं. स्वतः शेफच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"मला पहिल्यापासून एकच गोष्ट खटकत होती," त्या म्हणाल्या. "गॅस सोडणं सोपं. पण ज्याचं नाक इतकं तिखट, त्याला गॅसनं मारायचं कोण ठरवेल? तो दारातूनच मागे फिरेल. ज्यानं हे केलं त्याला पक्कं ठाऊक होतं, की शेफना वास येत नाही. नुसतं ठाऊक नव्हतं. त्यानं आज जेवायच्या आधी, तुमच्या सगळ्यांसमोर, ते तपासून पाहिलं."

त्यांनी पांढरा कप पुढे सरकवला. पाणी होतं तसं स्वच्छ होतं. केशराच्या काड्या तळाशी लालबुंद पडल्या होत्या.

"खरं केशर पाण्याला रंग सोडतं. हे सोडत नाही, कारण हे केशर नाही. रेशमाचा धागा आहे. पक्क्या रंगाचा, केसाएवढा, एकेक करून कापलेला. शेफनी तो हुंगला आणि त्याला मधाचा वास आहे म्हणाले."

वकिलांनी कप उचलला, आत पाहिलं आणि परत ठेवला.

सहकाऱ्याला डॉक्टरांवर संशय होता, बाई म्हणाल्या. त्याच्याकडे कारणं होती. डॉक्टरांना नाकाचं माहीत होतं, अवजार होतं, ते बाहेरही गेले होते. पण त्यांची समजूत अशी, की नाक आगीत गेलं. ज्याला असं वाटतं, त्याला सूड घ्यायचं कारणच उरत नाही. उलट त्याला मित्राची दया येते. शिवाय डबी त्यांनी दिली नव्हती. शेफची चिठ्ठी त्यांच्याकडून मागून घेतली होती.

"मग ही साडी." बाईंनी वहिनींच्या मांडीवरच्या डागाकडे बोट केलं. "कापडावर दारू सांडली तर काय करायचं, हे आमच्या घरी मलासुद्धा कळतं. टिपायचं. घासायचं नाही. रेशीम तर मुळीच नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य कापडात गेलं, तिनं रेशीम असं घासून चोळामोळा करावं? ती डाग काढत नव्हती. ती वहिनींना खुर्चीत धरून ठेवत होती."

ताईंनी समोरची कागदी टोपी उचलली, तिची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"स्क्रूच्या खाचेतले ओरखडे तुमच्या मशीनच्या स्क्रूड्रायव्हरशी जुळतात का, ते उद्या कळेल," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला तोवर थांबायचंय का, ताई?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मला कशाला थांबायचंय."

त्या डॉक्टरांकडे पाहून बोलू लागल्या, जणू खोलीत दुसरं कोणी नव्हतंच.

यंदाचा पावसाळा संपता संपता शेफ दुकानात कोट घालून बघायला आला होता. दुकानातल्या पोरीनं इस्त्री कापडावर विसरली. धूर झाला, जळकट वास दुकानभर पसरला, शेजारचा दुकानदार धावत आला. शेफ इस्त्रीकडे पाठ करून उभा होता आणि कॉलर जरा सैल कर म्हणत होता. त्या रात्री ताईंना झोप लागली नाही. त्यांना आणखी एक दुपार आठवली. हॉटेलच्या आगीच्या आधीची. तेव्हाही तो कोटासाठीच आला होता. डोक्याच्या मागे टाके घातलेले होते, शिडीवरून पडलो म्हणाला. दुकानातली गॅसची शेगडी विझून गॅस बाहेर येत होता. ताई आतून पळत आल्या, बटण बंद केलं. शेफ शेगडीपासून हातभरावर बसून पेपर वाचत होता. त्या वेळी त्यांना वाटलं, वाचनात गुंगलाय.

"माझा भाऊ मला तुरुंगातून निरोप पाठवायचा," ताई म्हणाल्या. "ताईला सांगा, मी खरं बोलतोय. मी उत्तर दिलं नाही. मरायला टेकला तेव्हा बोलावणं आलं. मी गेले नाही. तुझ्या बायकोला मारणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं, डॉक्टर. आणि दर नाताळला मी खऱ्या मारणाऱ्याच्या शेजारी बसून जेवत होते. त्याचे कोट शिवत होते."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही आमच्याकडे यायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"काय घेऊन? जळकी इस्त्री?" ताई पहिल्यांदा किंचित हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं. "आज मी त्याला संधी दिली. डबी उघडल्यावर तो नुसतं म्हणाला असता, की अरे, याला वास नाही, किंवा मला वास येत नाही, तर मी चष्मा आणायला उठलेच नसते. तो मधाबद्दल बोलला. मग मी उठले. नळी सोडवली, दार ओढून घेतलं, येऊन सूप प्यायले. गरम होतं अजून. आणि तरीही त्याला वाचायची वाट होती. ज्याला वास येतो असा कुठलाही माणूस त्या दारातून उलट्या पावली पळाला असता. चौकशीत शपथेवर सांगितलं होतं ना त्यानं, की माझ्या नाकाला कळल्याशिवाय गॅस गळूच शकत नाही? मी त्याची साक्ष पुन्हा एकदा घेतली. एवढंच केलं मी."

बाहेर बंबाचं इंजिन सुरू झालं आणि गाडी गल्लीतून निघून गेली.

"तुमची एक चूक झाली, ताई," इन्स्पेक्टरबाई शेवटी म्हणाल्या. आवाज कठोर होता. "तुमच्या भावावरचा डाग पुसू शकेल असा माणूस तोच होता. त्याला कोर्टात उभं करता आलं असतं. तुम्ही त्यालाच संपवलंत. आता तुम्ही खुनी, आणि तुमचा भाऊ कागदोपत्री होता तसाच गुन्हेगार."

"तोच एकटा नव्हता," ताई म्हणाल्या.

बाईंना ते कळायला एक क्षण लागला. इतका वेळ त्यांनी त्या सांडलेल्या पेल्याला दया समजलं होतं. निरपराध बाई मरू नये म्हणून केलेली धडपड. त्या वहिनींकडे वळल्या.

"हिला मी मायेनं नाही धरून ठेवलं," ताई म्हणाल्या. "समितीसमोरची पाच भांडी हिनं भरली होती. कुठल्या क्रमानं ठेवायची ते हिनंच ठरवलं होतं. नवऱ्याकडून घरी घोकूनही घेतलं असेल. साक्ष द्यायला कोणीतरी जिवंत उरायला हवं होतं."

डॉक्टर उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ते टेबलाला वळसा घालून वहिनींसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही.

"वहिनी, तुला माहीत होतं?"

वहिनींनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी नजर वळवली. त्यांच्या बोटांत न पेटवलेली सिगरेट होती.

"माझ्या बायकोच्या तेराव्याला तू माझ्या घरी जेवण घेऊन आली होतीस," डॉक्टर म्हणाले. "मला भरवलंस तू. तेव्हा माहीत होतं?"

वहिनींचे ओठ हलले. कधीतरी हे विचारलं जाईल, याची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली असावी, कारण बोलायला सुरुवात केली तेव्हा त्या अडखळल्या नाहीत. शेफ शिडीवरून पडल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं, त्या म्हणाल्या. कॉफी करपली तरी शेफना कळलं नाही. तेव्हापासून घरातलं, हॉटेलातलं, सगळं त्याच चाखायच्या, हुंगायच्या आणि नवऱ्याच्या कानात सांगायच्या. त्या रात्रीही त्या भटारखान्यात होत्या.

"आणि तो मुलगा?" बाईंनी विचारलं.

"आला होता. दोनदा. दुसऱ्या वेळी तो हात जोडत होता. साहेब, पाया पडतो, शेगड्या बंद करा, म्हणत होता." वहिनींचा आवाज आता फुटला. "यांनी माझ्याकडे पाहिलं. वास येतोय का, असं. मला येत होता. पण हॉल भरला होता, पेपरवाले आले होते. मी मान हलवली. नाही म्हणून."

सहकाऱ्यानं वही काढली होती, पण त्याचं पेन थांबलं होतं. तोही ऐकत राहिला होता. इन्स्पेक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो भानावर आला.

बाईंनी ताईंच्या दंडाला हात लावला. ताई उठल्या. डॉक्टरांनी खुंटीवरचा ताईंचा कोट काढला आणि त्यांच्या खांद्यांवर घातला. ताईंनी बाह्यांत हात सरकवले, बटणं लावली. दाराशी पोचल्यावर मात्र त्या थबकल्या आणि वहिनींकडे वळल्या. वहिनी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होत्या.

"उठ, नीट बस," ताई म्हणाल्या. "आणि पुन्हा पहिल्यापासून सांग. सावकाश. त्यांना लिहून घेता आलं पाहिजे."